एका गाडीस किती गाड्या लागतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा आठवडा होता. नववीच्या वर्गात धडा चालू असता एक विद्यार्थी मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उधना यार्डात इतके रिकामे डबे उभे असतात. मग आमच्या गावाकडच्या गाडीस पाय ठेवायला जागा नसताना ते डबे का सोडत नाहीत?"

हा मुलगा मूळचा अमळनेरकडचा. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग म्हणजे आपल्या शाळेतील निम्म्याअधिक घरांची माहेरची वाट होय. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांपैकी, सुट्टीत त्या वाटेने उभ्याने प्रवास न केलेले कुटुंब विरळाच. वर्गातील काही मुले त्या प्रश्नावर हसली. मला मात्र हसता आले नाही, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते.

सुदैवाने आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे आजोबा रेल्वेच्या यार्डात उभी हयात घालवून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे दोन संध्याकाळी जाऊन बसले. पुढे जे लिहिले आहे त्याचा आरंभ त्यांच्या बोलण्यापासून झाला. उरलेले मी वाचून आणि विचारून जमविले. मी पडले कलाशाखेची पदवीधर, आकड्यांशी माझे सख्य बेताचेच. तेव्हा गणित जेथे येईल तेथे ते शक्य तितके सोपे केले आहे.

आजोबांनी प्रथम मलाच एक प्रश्न केला. "फ्लाइंग रानी म्हणजे काय?" मी म्हटले, "सुरत-मुंबई गाडी." ते म्हणाले, "ते तिचे नाव झाले. नाव रुळांवरून धावत नाही."

आपण बोलताना ज्याला 'गाडी' म्हणतो, त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. अमुक वाजता सुटावयाचे, अमुक स्थानकांवर थांबावयाचे आणि अमुक वाजता पोहोचावयाचे, हे ठरवून दिलेले वेळापत्रक ही एक गोष्ट. तिला क्रमांक असतो, नाव असते. त्या वेळापत्रकाप्रमाणे जी डब्यांची माळ प्रत्यक्ष धावते ती दुसरी गोष्ट. या माळेस रेल्वेतील लोक 'रेक' म्हणतात. वेळापत्रक कागदावर असते आणि त्याला विश्रांती लागत नाही. रेक लोखंडाचा असतो, मळतो, झिजतो, आणि एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. ही शेवटची गोष्ट ऐकताना फारच साधी वाटते. पण गाड्यांचे बहुतेक सारे कोडे तिच्यातच आहे.

फ्लाइंग रानीचेच उदाहरण घेऊ. ही गाडी प्रथम १९०६ साली धावली. मध्यंतरी बंद पडून १९३७ साली ती पुन्हा सुरू झाली, महायुद्धाच्या काळात पुन्हा खंड पडला, आणि १९५० पासून ती नियमित झाली. सुरत ते मुंबई सेंट्रल हे अंतर २६३ किलोमीटर. पहाटे सुरतेहून निघावे, सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास मुंबईस पोहोचावे, सायंकाळी तेथून निघून रात्री परत यावे, असा तिचा दिनक्रम. अशा वेळापत्रकास मुळात एक रेक पुरतो. सकाळी गेला तोच रात्री परत आला, रात्री त्याची झाडलोट व तपासणी झाली, की पहाटे पुन्हा तयार. जाणे, येणे व विश्रांती मिळून चोवीस तासांत सारे बसले, म्हणून एका गाडीस एकच रेक लागला.

याच गाडीच्या डब्यांची हकीकतही सांगण्यासारखी आहे. गर्दी वाढली म्हणून हवे तेवढे डबे जोडता येत नाहीत, कारण फलाटांची लांबी ठरलेली असते आणि इंजिनाची ताकदही. तेव्हा १८ डिसेंबर १९७९ पासून या गाडीस दुमजली डबे लावण्यात आले. लांबी तेवढीच राहिली, माणसे मात्र अधिक बसू लागली. वलसाड, वापीकडून मुंबईस रोज जाणाऱ्या पासधारकांना वरच्या मजल्याची खिडकी मिळाली, की तो दिवस चांगला गेला असे वाटे, असे जुने लोक सांगतात. परंतु असे वेगळ्या घडणीचे डबे बाळगणे म्हणजे घरात एकुलता एक चांदीचा पेला बाळगण्यासारखे आहे. तो हरवला तर त्याच्या जागी मांडणीवरचा दुसरा ठेवता येत नाही. एखादा दुमजली डबा बिघडला तर शेजारच्या गाडीचा साधा डबा आणून तेवढी माणसे बसविता येत नाहीत. १६ जुलै २०२३ पासून ते दुमजली डबे गेले आणि फ्लाइंग रानीस नव्या पद्धतीचे डबे मिळाले.

'नव्या पद्धतीचे' म्हणजे काय ते येथेच सांगते, कारण यार्डातील रिकाम्या डब्यांशी त्याचा संबंध आहे. मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ साली डब्यांचा मोठा कारखाना निघाला. तेथे बनू लागलेले डबे, जे आपण बहुधा निळ्या रंगात पाहिले, ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ साऱ्या देशाने वापरले. या डब्यांच्या दोन्ही टोकांना दोन-दोन वाटोळे बफर असतात, आणि मधली साखळी मळसूत्राने आवळून दोन डबे जोडतात. पुढे लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या आराखड्याचे डबे आपल्याकडे आले. ते बहुधा लाल असतात. त्यांची जोडणी मधोमध असून ती दोन मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी अडकते. हे डबे अधिक वेगाने जाऊ शकतात, आणि अपघात झालाच तर सहसा एकमेकांवर चढत नाहीत. पेरांबूरच्या कारखान्याने २०१८ साली जुन्या पद्धतीचे डबे करणे थांबविले. तथापि जुने डबे लगेच नाहीसे होत नाहीत. आता यार्डात एका रुळावर निळे डबे आणि दुसऱ्या रुळावर लाल डबे उभे आहेत, अशी कल्पना करा. लाल गाडीचा एक डबा बिघडला, तर शेजारी दहा निळे डबे उभे असूनही त्यांपैकी एकही तिच्यात सहजासहजी लावता येत नाही. लांबून पाहणाऱ्यास मात्र सारे 'रिकामे डबे'च दिसतात.

आता लांबच्या गाडीकडे वळू. सुरतेहून उत्तर प्रदेश व बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांना एका बाजूस तीस तासांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक लागतात. आपण एक काल्पनिक गाडी घेऊ. ती रोज सकाळी १० वाजता सुरतेहून सुटते आणि ३२ तासांनी पोहोचते.

सोमवारी सकाळी १० वाजता निघालेला रेक मंगळवारी सायंकाळी ६ वाजता पोहोचेल. रात्री तेथे त्याची झाडलोट होईल, पाणी भरले जाईल. बुधवारी सकाळी ८ वाजता परत निघाला, तर तो गुरुवारी दुपारी ४ वाजता सुरतेस येईल. त्यानंतर त्याला मुख्य तपासणीसाठी 'पिट लाइन'वर न्यावे लागते. ही म्हणजे दोन रुळांमध्ये खणलेली लांब चर. तीत उतरून कामगार डब्यांची चाके, स्प्रिंगा, ब्रेक खालून पाहतात. तपासणी, दुरुस्ती, धुणे-पुसणे हे सारे नीट करावयाचे तर पाच-सहा तास हवेत. म्हणजे गुरुवारी रात्री १० वाजता हा रेक तयार झाला. पण गुरुवारची गाडी तर सकाळी १० वाजताच सुटून गेली. तेव्हा आपला हा रेक शुक्रवारी सकाळी निघेल. सोमवार ते शुक्रवार म्हणजे चार दिवस. मधल्या मंगळवारी, बुधवारी व गुरुवारी गाडी सोडावयाची तर आणखी तीन रेक हवेत. एका गाडीस चार गाड्या लागल्या! आणि गुरुवारी रात्री १० पासून शुक्रवारी सकाळी १० पर्यंत बारा तास हा रेक यार्डात उभा आहे, रिकामा. माझ्या विद्यार्थ्याने आगगाडीच्या खिडकीतून जे पाहिले असेल, ते बहुधा हेच.

कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, पलीकडच्या टोकास रात्रभर कशाला थांबावयाचे? मंगळवारी सायंकाळी ६ वाजता पोहोचलेला रेक तीन तासांत आवरून रात्री ९ वाजता परत फिरवला, तर तो गुरुवारी पहाटे ५ वाजता सुरतेस येईल. पाच तासांत तपासणी उरकली, तर गुरुवारच्याच सकाळी १० च्या गाडीस तो लावता येईल. चारांऐवजी तीन रेकांत काम भागले, आणि एक अख्खा रेक वाचला. कागदावर हे बरोबर जमते. असे हिशेब करणारी माणसे रेल्वेच्या कचेरीत असतात, आणि डबे महाग असल्यामुळे तसा मोह होणे साहजिकही आहे.

पण गुरुवारी पहाटे ५ वाजता येणारा तो रेक वाटेत कोठे रखडला आणि ९ वाजता आला तर? एक तासात तपासणी होत नाही. तपासणीवाचून गाडी सोडणे हा धोका, आणि तपासणी करून सोडणे हा उशीर. शहाणा मनुष्य उशीरच पत्करील. मग १० ची गाडी दुपारी २ वाजता निघते. पलीकडेही ती चार तास उशिराच पोहोचते. तेथे तीन तासांचाच विसावा, म्हणून परतीची गाडीही उशिरा निघते. एका दिवशी कोठेतरी झालेला उशीर दोन-तीन दिवस असा पुढे पुढे चालत राहतो. फलाटावर थांबलेल्या माणसास वाटते, आज काय झाले? आज बहुधा काहीच झालेले नसते. जे झाले ते परवा, आणि तेही हजार किलोमीटरांवर.

आठवड्यातून एकदाच सुटणाऱ्या गाडीची तऱ्हा आणखी वेगळी. सोमवारी गेलेला रेक गुरुवारी परत आला, तर पुढच्या सोमवारपर्यंत त्याला काम नाही. मग शुक्रवारी तो दुसऱ्याच एखाद्या साप्ताहिक गाडीस लावतात. ती रविवारी परत येते, की सोमवारी पुन्हा पहिले काम. म्हणजे दोन गाड्यांची नावे वेगळी, क्रमांक वेगळे, दिशाही वेगळ्या, आणि डबे तेच. या सोयीमुळे रेल्वेचा पैसा वाचतो. पण पूर्वेकडे पाऊस झाला म्हणून उत्तरेकडची गाडी उशिरा निघण्याचा चमत्कारही त्यामुळेच घडतो.

आता मी माझ्या मुलखाकडे येते, कारण रेकच्या हिशेबाचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडले नाही. आमची बोली कोकणी आणि घर गोव्यात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला आणि आम्हां लोकांचा देश आम्हांला खऱ्या अर्थाने जवळ आला. परंतु हा मार्ग डोंगर फोडून काढलेला आहे. पावसात दरडी सुटतात, माती खचते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड येऊन गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या हळू चालवितात, गस्त वाढवितात, आणि त्यासाठी पावसाळी वेळापत्रक निराळेच असते. कित्येक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते.

२७ जून २०२३ रोजी मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. तिला आठ डबे होते. ही गाडी म्हणजे एकसंध जोड आहे. तिला वेगळे इंजिन नसते आणि तिच्या जागी दुसरे डबे लावून भागत नाही. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिचे जे वेळापत्रक लागले, त्यानुसार ती पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी मुंबईहून निघे व दुपारी १ वाजून १० मिनिटांनी मडगावास पोहोचे. दीड तासाने, २ वाजून ४० मिनिटांनी ती परत फिरे आणि रात्री १० वाजून २५ मिनिटांनी मुंबईस येई. मग रात्रीचे सात तास तपासणीस मोकळे. शुक्रवार सोडून आठवड्याचे सहा दिवस ती अशी जा-ये करी.

पावसाळ्यात तीच गाडी मडगावास पोहोचण्यास दुपारचे ३ वाजून ३० मिनिटे होत. पावणेआठ तासांऐवजी दहा तास आणि पाच मिनिटे. वाढ केवळ दोन तास वीस मिनिटांची. पण सायंकाळी ५ वाजता तिला परत फिरवले तर मुंबईस यावयास पहाटेचे ३ वाजतील, आणि ५ वाजून २५ मिनिटांनी पुन्हा निघावयाचे आहे. ते अशक्यच. म्हणून ती रात्रभर मडगावास थांबे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी निघे. जी फेरी एका दिवसात होत असे तिला दोन दिवस लागू लागले, आणि सहा फेऱ्यांच्या जागी तीन उरल्या. मुंबईहून सोमवार, बुधवार, शुक्रवार. मडगावहून मंगळवार, गुरुवार, शनिवार. वाट दोन तासांनी लांबली आणि गाड्या निम्म्या झाल्या!

यातील दैवदुर्विलास असा, की गणेशचतुर्थी नेमकी त्याच दिवसांत येते. आमच्याकडे तिला 'चवथ' म्हणतात, आणि चवथीला घरी न जाणे हे गोमंतकीय माणसास जवळजवळ अपशकुनासारखे वाटते. ज्या महिन्यांत रेक सर्वांत कमी फेऱ्या करू शकतात, त्याच महिन्यांत सर्वांत अधिक माणसांना कोकणात जावयाचे असते. म्हणून इतर मार्गांवरून सवड काढलेले रेक आणून जादा गाड्या सोडतात. त्यांना हक्काचा दुसरा रेक मागे नसतो. एका वर्षी मी अशाच एका जादा गाडीचे तिकीट काढले होते. जो रेक येऊन आमची गाडी व्हावयाची, तोच आला नाही. रात्रीची गाडी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघाली, वाटेत आणखी रखडली. आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. मी अंगणात पाऊल टाकले तेव्हा विसर्जन आटोपून मंडळी परतली होती, आणि माटोळीची फळे उतरविण्याचे काम चालले होते. आईने काही म्हटले नाही. नेवरी पुढे ठेवली. त्या दिवशी मी साऱ्या रेल्वेस मनातल्या मनात पुष्कळ बोलले. आता रेकचा हिशेब समजल्यावर राग गेला असे नाही, पण तो कोणावर करावा हे मात्र नीट कळेनासे झाले आहे.

हा प्रकार आपल्याच देशात होतो असे नाही. कॅनडात टोरांटोहून व्हॅंकूव्हरला 'द कॅनेडियन' नावाची गाडी जाते. अंतर ४,४६६ किलोमीटर. १९५५ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा ती तीन रात्रींत देश ओलांडी. आता चार रात्री लागतात. मार्ग मालगाड्यांच्या कंपनीचा, पुष्कळसा एकेरी, आणि मालगाड्या इतक्या लांब की बाजूच्या रुळावर त्या मावतच नाहीत; तेव्हा प्रवाशांची गाडीच बाजूस उभी राहते. डबेही बहुतांशी १९५४-५५ चेच आहेत, गंज न चढणाऱ्या पोलादाचे, पुनःपुन्हा दुरुस्त केलेले. फेरी लांबली की रेक अधिक लागणार, आणि डबे तर मोजकेच. ती गाडी आठवड्यातून दोनदा किंवा तीनदाच सुटते. मडगावच्या गाडीची कथाच तेथे मोठ्या मापाने चालली आहे.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी वर्गात हे सारे सांगितले. रेक असला तरी इंजिन हवे, चालक व गार्ड (ज्यांना २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात) विश्रांती घेतलेले हवेत, आणि मुख्य म्हणजे रुळांवर मोकळी वेळ हवी, हेही थोडक्यात सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. तो म्हणाला, "पण बाई, बारा तास उभा असलेला रेक जळगावपर्यंत जाऊन परत येऊ शकेल ना?" मी फळ्यावर आकडे मांडले. जाण्यास सहा तास धरले, येण्यास सहा. बारा तास संपले. धुण्यास, पाणी भरण्यास, इंजिन फिरविण्यास काहीच उरले नाही. "आठ तासांत जाऊन येता आले असते तर?" तो म्हणाला. मग मात्र जमले असते. मार्गावर वेग वाढला तर यार्डातला उभा रेक कामास येईल, हे त्याने माझ्याआधी ओळखले.

आजोबांनी मला डबे वाचावयासही शिकविले होते, ते मी वर्गास सांगितले. प्रत्येक डब्याच्या अंगावर क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन आकडे डबा ज्या वर्षी बनला ते वर्ष दाखवितात. जवळच तो डबा कोणत्या रेल्वेचा आणि कोणत्या यार्डाच्या देखभालीखालचा हेही लिहिलेले असते. पुढच्या सोमवारी तो मुलगा वहीत पाच डब्यांचे क्रमांक लिहून घेऊन आला. त्यांतील सर्वांत जुना डबा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. शिवाय एका डब्यावरच्या पाटीवर त्याने दोन निरनिराळ्या गाड्यांची नावे पाहिली होती, आणि त्या दोन्ही गाड्यांचे वार शोधून तो रेक शनिवारी कोठे असेल हे त्याने खाली पेन्सिलीने लिहिले होते.